परीक्षेसाठी राखून ठेवलेला दात

चौथीत असताना माझा वरचा पुढचा दात चाळीतल्या नळावर आपटला. टोक उडालं, रक्त आलं, मम्मीने हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. पुढे तो दात हळूहळू राखाडी होत गेला. दुखत नव्हता, म्हणून घरात कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी ओठ मिटून हसायला शिकले. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी कमी बोलायचे, ते इंग्लिश येत नाही म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. तसं वाटू देणं मला सोयीचं होतं.

तेविसाव्या वर्षी त्या दातावरच्या हिरडीला फोड आला. तेव्हा मी डोंबिवलीत एका प्लेग्रुपमध्ये मदतनीस होते. अक्षरांचे आवाज शिकताना मुलं थेट आपल्या तोंडाकडे बघतात, त्यामुळे मी मास्क लावूनच असायचे. सर्दीचं कारण किती दिवस पुरणार? एक दिवस मॅडमनी मला बाजूला घेतलं. "जूनपासून तुला तुझा वर्ग देते. पण तेवढं दाताचं बघ गं. पॅरेंट्ससमोर उभं राहायचंय."

जूनला पाच महिने होते.

कल्याण स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी खर्च एका चिठ्ठीवर लिहून दिला. मम्मी उल्हासनगरच्या एका कारखान्यात जीन्सचे धागे कापते. तिने चिठ्ठी वाचली, घडी करून पाकिटात ठेवली आणि म्हणाली, "बरं, येतो मग." आम्ही परत गेलो नाही. आंबिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी डेंटल कॉलेजचं सांगितलं. "शिकाऊ पोरं करतात, पण मागे सर उभे असतात. ही माझी कवळी तिथलीच," म्हणत त्यांनी ती काढूनच दाखवली.

कॉलेजात मला शेवटच्या वर्षाची एक शिकाऊ डॉक्टर मिळाली. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. मी खुर्चीवर आडवी झाले तरी मम्मी दंडाला ढोसत होती. "इंग्लिशमध्ये बोल ना तिच्याशी! एवढी शाळा कशाला केली?" माझ्या तोंडात आरसा होता.

तीन फेऱ्यांत रूट कॅनल झालं. फोड बसला. "आता मुळात एक खिळा बसवायचा आणि त्यावर कॅप," डॉक्टर म्हणाली आणि तिने आवाज खाली आणला. "आमच्या परीक्षेत हेच काम असतं. पेशंट ज्याचा त्याने आणायचा. तुझा दात अगदी परफेक्ट आहे त्याला. एप्रिलपर्यंत थांबशील? खिळा, कॅप, सगळं माझ्याकडून. येण्याजाण्याचं भाडंपण."

"थांबेल की," मम्मीच म्हणाली. "दात काय पळून जातोय?"

मग फॉर्म आला. त्यात इंग्लिशमध्ये एक ओळ होती: कॅप बसेपर्यंत दात फुटू शकतो, हे मला सांगण्यात आलं आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती ओळ दोनदा वाचली. किती दिवस थांबलं तर चालतं, एवढंच विचारायचं होतं. प्रश्न मनात इंग्लिशमध्येही तयार होता आणि मराठीतही.

"काय लिहिलंय?" मम्मीने विचारलं.

"नेहमीचंच असतं," मी म्हणाले आणि सही केली.

एप्रिलमध्ये तिचा मेसेज आला. परीक्षा मेअखेरपर्यंत पुढे गेली, सॉरी डिअर, प्लीज दुसरीकडे कुठे करू नकोस. दुसरीकडे! मी अंगठा पाठवला. भाकरी कालवून खाल्ली, पेरू सोडले, चपातीचे तुकडे दाढेकडून आत सरकवले. तो दात आता माझा कमी आणि तिच्या परीक्षेचा जास्त होता.

बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर होती. खीर खायला कसली भीती? तिच्यात खारकेचा तुकडा निघाला. दुखलं काहीच नाही, फक्त बारीक कट असा आवाज आतल्या आत आला. जीभ लावली तर दाताच्या दोन कडा वेगवेगळ्या हलत होत्या. वाढणाऱ्या बाईंनी तेवढ्यात आणखी एक पळी वाढली. नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. तीही मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मम्मीने खाडा केला आणि आम्ही कॉलेजात गेलो. परीक्षेला अकरा दिवस होते. डॉक्टरने फोटो काढला आणि तो उजेडाकडे बराच वेळ धरून ठेवला. "मूळच उभं चिरलंय. काय खाल्लंस तू?"

"खीर."

सर आले. अर्ध्या मिनिटात पाहून म्हणाले, "काढावा लागेल." मग तिला म्हणाले, "तू दुसरा पेशंट शोध." ते गेल्यावर ती स्टुलावर बसली. "आता अकरा दिवसांत कुठून आणू?"

मी तिला सॉरी म्हटलं.

"माझा बघ की," मम्मी अचानक म्हणाली. "पुढचाच आहे. काळापण आहे." आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलीसुद्धा. दिवा पेटला. मम्मी नेहमी पदर धरून हसते. तिचं तोंड इतक्या जवळून मी कधी पाहिलंच नव्हतं. मिश्रीने दात मुळाशी काळे पडले होते. पुढच्या दोघांच्या मध्ये टोकाला एक खाच होती. कात्री बोथट झाली की ती धागा तिथेच तोडत असणार.

डॉक्टरने चिमट्याने एकेक दात हलवून पाहिला. "मावशी, हे सगळेच हलतायत. खिळा नाही धरणार."

"मग यांचं काय करायचं?"

"नंतर बघू, मावशी."

मम्मी उठली, पदराने ओठ पुसले. "तसे दुखत नाहीत," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

माझा दात काढण्याचा फॉर्म आला. पुन्हा इंग्लिश. "काय लिहिलंय?" मम्मीने विचारलं. या वेळी मी एकेक ओळ तिला मराठीत सांगितली. रक्त येऊ शकतं. "बरं." सूज येऊ शकते. "बरं." शेजारच्या दाताला धक्का लागू शकतो. डॉक्टर पेन पुढे धरून थांबली होती. शेवटची ओळ होती, मला सगळे प्रश्न विचारायची संधी मिळाली आहे.

"मग विचार ना काहीतरी," मम्मी म्हणाली.

मी विचारलं, "इथे नवा दात कधी बसेल?"

"कायमचा तीनेक महिन्यांनी. तोवर काढता-घालता येणारा मिळतो, पण ते काम खालच्या मजल्यावर होतं." तिने घुटमळत सांगितलं, "त्यांचे नंबर आता ऑगस्टचे चालू आहेत."

माझा वर्ग जूनपासून होता. मम्मीने माझ्याकडे पाहिलं. आणखी प्रश्न नव्हता. मी सही केली आणि तोंड उघडलं.