काळ्या पडद्यावरची पांढरी रेघ

कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. माझ्या सुनेला दुपारपर्यंत शाळेची प्रश्नपत्रिका पाठवायची होती. तिनं तीन बटणं एकदम दाबली, तशा त्या काळ्यावर अक्षरांच्या ओळी आल्या.

"आप्पा, आत सगळं चालू आहे. चित्र दाखवणारा ड्रायव्हर तेवढा बिघडलाय," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही भजनं लावलीत, तेव्हा नवा ड्रायव्हर घालू का, असं काही विचारलं होतं का यानं?"

"मला कशाला विचारेल ते?"

विचारलं होतं. इंग्रजीत चौकट आली आणि मी पहिलंच बटण दाबून ती घालवली. चौथीत शाळा सुटली माझी. बँकेत, दवाखान्यात कुणी इंग्रजी कागद पुढं केला की मी मान डोलावतो. वाचता येत नाही, हे कुणाला कळू दिलं नाही कधी.

रेघ लुकलुकत होती. आत सगळं चालू आणि बाहेर काही उमटत नाही. मी तरी जन्मभर काय वेगळा बसलो? हे यंत्र निदान काळं पडून सांगतं तरी.

तिनं जुना ड्रायव्हर परत घातला. चित्र आलं आणि पाठोपाठ तीच चौकट.

"थांब," मी म्हणालो. "सकाळी हीच आली होती. मीच दाबलं. काय लिहिलंय, वाचून दाखव."

"हे सकाळीच सांगायचं नाही होय?" म्हणत तिनं खुर्ची सरकवली आणि वाचू लागली. तिसऱ्याच शब्दाला मी तिला अडवलं.

"म्हणजे काय?"