रपट्यावरचा लाल दिवा

उमरखेडहून बायकोच्या शाळेच्या वाटेवर एक रपटा आहे. नाला चढला की तो पाण्याखाली जातो, आणि तिची एसटी जाता-येता त्याच्यावरूनच. म्हणून मी पलीकडच्या चहाच्या टपरीत एक यंत्र बसवलं होतं. ते पाणी मोजायचं, धोका दिसला की लाल दिवा लावायचं आणि आकडा माझ्या मोबाइलवर पाठवायचं. मी दिवसभर तो आकडा बघत बसे. बायको म्हणे, एवढ्यांदा माझी नाडी तरी बघा.

टपरीवाला तांड्यावरचा, वस्तूला जपणारा. आभाळ गरजलं की घरच्या टीव्हीची काढावी तशी तो यंत्राची वायर काढून ठेवी, ऐन पावसात. बॅटरी लावून पाहिली, ती दोनदा चोरीला गेली. गरजणं थांबलं की तो वायर पुन्हा लावी, पण काम कुठं तुटलं ते शोधायला यंत्र अख्खं मेमरी कार्ड तपासत बसे. तोवर दिवा बंद, आणि ड्रायव्हरला वाटे रस्ता मोकळा.

औषध होतं: कार्डावरच्या नोंदी सांभाळायला जर्नल ठेवणारी फाइल सिस्टिम. ती काय लिहिणार ते आधी टिपून ठेवते, म्हणून वीज जाऊन आली तरी लगेच उभी राहते. पण चिपवर माझ्या कर्नलला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, जागा टीचभर. नवी, ऐटदार सिस्टिम त्यात शिरेना. जुनी, साधी शिरत होती, पण नेटवर्कचा भाग काढला तरच. मग मला घरबसल्या काहीच दिसणार नव्हतं.

दोन्ही कोंबायच्या नादात मी आठवडाभर घरात सगळ्यांवर खेकसत होतो. शेवटी बायकोनं विचारलं, "दिवा कोनासाठी लावला? गाडीतल्यांसाठी का तुमच्यासाठी?"

मी चिडूनच नेटवर्क काढलं आणि जुनी सिस्टिम बसवली.

पुढच्याच पावसात दुपारपासून गडगडत होतं. तिचा फोन लागेना. मी फाटकापासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घातल्या, चहा केला, तो निवला. सवयीनं मोबाइल उघडायचो, पाहायला काही नाही. माझ्याच यंत्राला शिव्या दिल्या. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

दिवेलागणीनंतर ती टपरीवाल्याच्या फोनवरून बोलली. "गाडी टपरीपाशीच थांबली. टपरीवाल्या भाऊनं वायर लावली अन् लगेच लाल दिवा लागला. आज इथंच शाळेतल्या मॅडमकडे राहते."

"पाणी किती आहे?"

"मले काय माहीत. दिवा लाल आहे ना, मंग झालं. जेवून घ्या."

मी काढलेल्या दोन ताटांपैकी एक परत ठेवलं. त्या दिवशी रपट्यावर पाणी किती होतं, ते मला अजून माहीत नाही. विचारवत नाही.