मशीनचं चाडं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मशीनच्या चाड्यात अटकलेल्या रिंगा काढणं. ती गोणी शिवायच्या लांब सुईनं पन्हळ कोरत होती, मी वरचं टोपलं धरून हलवत होतो. पाऊण तास लागला. त्यानंतर तीन तासांच्या आत ती गेली.

रिंगा अटकल्या तेव्हा ती दुकानाच्या मागच्या बाजूला, घडी घातलेल्या ताडपत्र्यांवर पडून होती. तिला बरं नव्हतं. मी हाक मारून तिला उठवलं. सांगायचं एवढंच आहे खरं तर. पण एवढंच सांगितलं तर कोणाला समजत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

जामच्या चौकात आमचं ताडपत्रीचं दुकान. नागपूरहून येणारा रस्ता इथं फुटतो, एक हैदराबादकडं जातो, एक चंद्रपूरकडं. ट्रक थांबतातच. ट्रकवरच्या ताडपत्रीला कडेकडेनं भोकं असतात, त्यातून दोरी ओवून बांधतात. नुसतं भोक पाडलं तर दोन फेऱ्यांत फाटतं, म्हणून त्यात पितळी रिंग बसवायची. रिंग म्हणजे बिनबुडाची चिमुकली टोपी समजा. टोपीची नळी भोकातून पलीकडं जाते, तिकडून वायसर, म्हणजे भोकाची चपटी चकती लागते, मशीनचा दाब पडला की नळी फुलते आणि वायसरला घट्ट धरते. मग ताडपत्री फाटेल, रिंग निघणार नाही.

पुष्कळ वर्षं हे काम आम्ही पायाच्या मशीनवर केलं. ती साच्यावर रिंग ठेवायची, वर ताडपत्री, वर वायसर, आणि हात काढायची. मी पाय मारायचो. बोलायची गरज पडत नव्हती. पण एक दिवस मी एका ड्रायव्हरशी भांडत होतो, नजर रस्त्याकडं, आणि तिचा हात निघायच्या आधी माझा पाय पडला. डाव्या हाताच्या बोटाचा शेंडा गेला. दवाखान्यात पट्टी बांधताना ती मला म्हणाली, "बसवली ना माह्या बोटात रिंग? आता दोरी ओवा अन् बांधा कुठी बांधाची थे."

कंपाउंडर हसला. मला हसू आलं नाही. त्याच महिन्यात मी नागपूरहून मोटरची जुनी मशीन आणली. तिच्यात हात घालायचं काम नाही. वर एक गोल टोपलं, त्यात ब्रश फिरतो. रिंगांचं पाकीट टोपल्यात ओतलं की ब्रश त्यांना ढवळत राहतो. सुलट पडलेली रिंग पन्हळीच्या तोंडात शिरते, उलटी असली की ब्रश तिला माघारी लोटतो. पन्हळीतून एकीमागं एक खाली घसरत येतात, थेट दाबाखाली. विकणारा त्या टोपल्याला फीडर म्हणत होता. बायकोनं एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे तं चाडं आहे."

शेतकऱ्याला चाडं सांगायला नको. पेरणीच्या तिफनीवर लाकडाची वाटी असते, तिच्यात टाकलेलं बी नळ्यांतून जमिनीतल्या तासात पडतं. तिचं माहेर आष्टीकडचं. लग्नाआधी ती बापाच्या वावरात चाड्यावर असायची, चालत चालत मुठीतून बी सोडायची. तिची मूठ सारखी पडते म्हणून शेजारचे लोकही तिला पेरणीला बोलवायचे, हे तिनं मला लग्नानंतर निदान शंभर वेळा ऐकवलं असेल.

"चाड्यावर माणूस पाह्यजे," ती म्हणाली. "नाईतं एका जागी दाट पेरते अन् एका जागी काईच नाई."

"आता मशीनच पेरते," मी म्हणालो. "तू बस आरामात."

"बसतो ना. तुमी पेरा."

तिसऱ्या दिवशी मशीन अटकली. रिंगा कारखान्यातून येतात त्या तेलकट. तेलानं एकमेकींना चिकटतात, एकीच्या नळीत दुसरी जाऊन बसते. अशी जोडी पन्हळीच्या तोंडाशी आली की मागची सगळी रांग थांबते, मोटर नुसती गुणगुणते. मी हातोडी मारली. पन्हळीला पोचा पडला, तो अजून तसाच आहे. दुसऱ्या दिवशी ती घरून सूप, चाळणी आणि पिशवीभर गव्हाचा कोंडा घेऊन आली. रिंगा कोंड्यात घोळल्या, तेल कोंड्यानं पिऊन घेतलं. मग चाळल्या. मग सुपात घेऊन दाण्यासारख्या पाखडल्या. चांगल्या रिंगा सुपावर खळखळ नाचतात, जोड्या आणि वाकड्या जड पडतात, मागं राहतात. तिला आवाजावरूनच समजायचं. मागं राहिलेल्या वेचून काढल्या आणि उरलेल्या चाड्यात ओतल्या. त्या दिवशी मशीन एकदाही थांबली नाही.

तेव्हापासून तिनं पाखडल्याशिवाय एकही पाकीट चाड्यात गेलं नाही. ट्रकवाले थांबून पाहायचे, मोबाईलवर फोटो घ्यायचे. एकानं विचारलं, "चाची, इसकी रोटी बनाएगी क्या?" ती म्हणाली, "हौ, तुमच्यासाठीच. दात मजबूत आहे ना?" मी मात्र तिला कधी शाबास म्हणालो नाही. रिकामी आहेस म्हणून तुला हे सुचतं, असंच म्हणायचो. चूक होती, पण ते काही मला डाचत नाही. डाचतं ते वेगळं.

त्या दिवशी ती सकाळपासून जबडा धरून होती. "जबडा दुखून राह्यला, खांदाही," म्हणाली. मी म्हटलं, गॅस असेल, ओवा खा. तिनं ओवा खाल्ला. दुकानात आल्यावर झाडलोट केली, देवाला उदबत्ती लावली, फोन घेऊन मागं गेली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मी पडतो जराशी."

"पड," मी म्हणालो.

कापसाचा हंगाम. हिंगणघाटहून गाठी भरून निघालेला एक ट्रक दहाच्या सुमाराला दुकानासमोर लागला. वाऱ्यानं ताडपत्रीची एक कड फाडली होती. नवी पट्टी शिवून बारा-तेरा रिंगा बसवायच्या होत्या. मी पट्टी शिवली. डब्यात पाहिलं तर पाखडलेल्या रिंगा चारच. कोंड्याची पिशवी, सूप, सगळं समोर होतं. पाखडणारी पडली होती. तिला कशाला उठवायचं, दहा मिनिटांचं तर काम, असं मनात आलं आणि मी नवं पाकीट फोडून तसंच चाड्यात ओतलं.

दोन रिंगा बसल्या. तिसरीला अटकलं.

मी टोपलं हलवलं, थापड्या मारल्या. सुई घालून पाहिली, पण माझे डोळे पन्हळीत पोचत नाहीत. ड्रायव्हर पंजाबकडचा का बिहारकडचा होता कोण जाणे, तंबाखू मळत उभा होता. "चाचा, मशीन सोएगी के चलेगी? मेरेको दोपहर तक नागपुर पहुँचना है."

मी त्याला हिंगणघाटला परत पाठवू शकलो असतो. पायाची जुनी मशीन कोपऱ्यात होती, तिच्यावर एकट्यानं हळूहळू बसवू शकलो असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण गिऱ्हाईकासमोर मशीन बंद पडली याची लाज वाटली. मी मागं तोंड करून ओरडलो, "अवं, उठ वं! चाडं भरलं!"

मी पुन्हा ओरडलो.

ती भिंतीला धरून आली. जानेवारीचा गारठा, आणि कपाळावर घाम. मी तो पाहिला. पाहिला नाही असं म्हणता येणार नाही. तिनं चाड्यात हात घातला, एक रिंग बोटांत चोळली आणि माझ्याकडं पाहिलं.

"न पाखडता टाकल्या?"

"हो."

"मले उठवाचं होतं ना."

"तुले बरं नाई म्हणून नाई उठवलं."

"मंग आता कायले उठवलं?"

ड्रायव्हर हसला. मीही हसलो. तीही जराशी हसली. मग तिनं सुई मागितली.

चाडं पूर्ण रिकामं केलं. पन्हळीत तीन जोड्या ठासून बसल्या होत्या, एकेक करून तिनं त्या कोरून काढल्या. मध्ये दोनदा थांबून मशीनवर डोकं टेकलं. मी म्हणालो, बस पाहिजे तर. ती म्हणाली, झालंच आता. नंतर तिनं ओंजळभर रिंगा कोंड्यात घोळून सुपात घेतल्या, पण सूप नीट उडेना, तेव्हा हातानंच वेचल्या. बाकीच्या रिंगा मी बसवल्या. ट्रक गेला. ती खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "घरी चाला."

इतक्या वर्षांत भर दुपारी घरी चला असं ती कधी म्हणाली नव्हती. मी शटर ओढलं. घरी आलो, ती बाजेवर पडली, आणि मग श्वास घेता येईना. शेजाऱ्याची गाडी काढली. हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. डॉक्टरनं विचारलं, केव्हापासून दुखत होतं? मी म्हणालो, आत्ताच.

हे पहिलं खोटं. ते कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. पुढची मात्र मी समजून उमजून बोललो.

आम्हाला एकच पोरगी. नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. ती चार वाजता पोचली. आईच्या जवळ बसली, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "बाबा, आई सकाळपासून काई म्हणत होती का? दुखते, घाम येते, असं काई?"

"नाई," मी म्हणालो. "चांगली होती. बसल्या बसल्या गेली."

तिनं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. साडेनऊला आईचा फोन येऊन गेला होता. पोरीची ड्युटी, मोबाईल पर्समध्ये. "तिले मले काई तरी सांगाचं होतं, बाबा. मी उचलला असता तं मले आवाजावरूनच समजलं असतं. मी रोज हेच पेशंट पाहतो."

मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही. तिचा दोष नाही हे मला माहीत असूनही मी तिला तो घेऊ दिला, कारण तिनं तो घेतला तर मला घ्यावा लागत नव्हता. माणूस असा असतो. निदान मी तरी आहे.

दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलं. लोक येत होते. आमच्याकडं भेटायला आलेला प्रत्येक जण विचारतोच, कसं झालं? आणि घरच्यानं सांगायचंच असतं, पहिल्यापासून, प्रत्येकाला नव्यानं. मी सांगत गेलो. चौथ्या-पाचव्या माणसापर्यंत माझी गोष्ट चांगली बसली. ती बाजेवर बसली होती, माझ्याशी बोलत होती, म्हणाली, चहा मांडा, मी उठलो आणि मागं वळून पाहिलं तर गेलेली. तिनं चहा मागितलाच नव्हता. तो मी जोडला. लोक म्हणायचे, "पुण्यवान बाई. कोणाले तरास नाई देल्ला." पोरगी कोपऱ्यात बसून दर वेळी पूर्ण ऐकायची आणि मोबाईलकडं पाहायची.

सकाळी शेजारणीनं चहा आणून दिला. पोरगी मागच्या पायरीवर बसली होती, चहा तसाच, मोबाईल हातात. मी जाऊन तिच्या बाजूला बसलो.

"थो फोन ठेव," मी म्हणालो. "तुयी काई चूक नाई. तिचा जबडा सकाळपासून दुखून राह्यला होता. मले सांगतलं होतं तिनं."

तिनं वळून पाहिलं. मग दवाखान्यात विचारत असेल तसं विचारायला लागली.

"खांदा?"

"थोही."

"घाम होता?"

"होता. मी पाह्यला."

"मंग थे झोपून होती का?"

"पडून होती. मी उठवलं. मशीन अटकली होती. पाखडल्याबिगर मीनंच टाकल्या होत्या रिंगा."

"किती वेळ उभी होती?"

"पाऊण घंटा."

"इथून हिंगणघाट अर्ध्या घंट्यावर आहे, बाबा."

"माईत आहे."

"काल काऊन नाई सांगतलं?"

"भेलो."

"कोणाले? मले?"

"हो."

असू द्या बाबा, तुम्ही मुद्दाम केलं का, असं ती म्हणाली नाही, आणि ती म्हणाली नाही हे बरंच झालं. मोबाईल तिनं ओटीत ठेवला, तोंडाला पदर लावला आणि कालपासून पहिल्यांदा रडली. माझा हात तिच्या पाठीवर ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही.

तेवढ्यात समोरच्या दारातून चौकातला चहाटपरीवाला म्हातारा आला. काल तो गावाला गेला होता. रस्त्यातच त्याला सगळं कळलं होतं. बाहेरूनच म्हणाला, "काय बाप्पा हे! चा मांगितला म्हणे अन् गेली. नशीबवान होती हो तुमची मंडळी."

मी उठून समोर गेलो. पोरगीही मागून येऊन दारात उभी राहिली. मी म्हाताऱ्याला सतरंजीवर बसवलं, त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "चा नाई मांगितला तिनं. थे पडून होती. मीनं उठवलं तिले. कसं झालं थे सांगतो, आइका."