वाऱ्याला घातलेलं गाऱ्हाणं

सुमाआत्या गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी रत्नागिरीत ऑफिसच्या जिन्यात उभी होते. झोपेतच गेली, म्हणाले. मला लगेच रडू आलं नाही. मनात आलं, म्हणजे गुपचूप गेली... आणि आत्याने तर कधीच काही गुपचूप केलं नव्हतं. केळशीच्या शाळेत ती पाढे म्हणवून घ्यायची, तेव्हा खालच्या वाटेने जाणाऱ्या बायकाही तिच्याबरोबर पाढे म्हणत पुढे जायच्या. मी मात्र जन्माची हळू बोलणारी. "तुमच्या इंग्लिश शाळेत आवाज दप्तरात ठेवून बसवायचे काय गो?" असं ती चारचौघांत विचारायची आणि माझ्या ताटात बांगड्याची आणखी एक तुकडी वाढायची.

वादळाने तिच्या शाळेचं छप्पर उडवलं त्या वर्षी मला कॉलेजची सुट्टी होती, म्हणून बाबांनी मला तिच्या मदतीला धाडलं. गावकऱ्यांनी नवे पत्रे चढवले, भिजलेली पुस्तकं आम्ही चुलीशी वाळवली, पण मुलं वर्गात टिकेनात. जरा वारा सुटला की पत्रा धडधडायचा आणि सगळी बाहेर पळायची. आत्या कुणावर ओरडली नाही. आवारात आडव्या झालेल्या आंब्याच्या खोडावर तिने मुलांना बसवलं आणि तिथेच शाळा भरवली. मग पाऊस लागला... तेव्हा तिने देवळातलं गाऱ्हाणं वर्गात आणलं. देवळात एकजण गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागतो आणि दर वाक्याला बाकीचे "होय महाराजा" म्हणतात. आत्याने देवाच्या जागी वारा ठेवला. पत्रा वाजला की एकाने उभं राहून वाऱ्याला सुनावायचं, बाकीच्यांनी पत्र्याहून मोठ्याने साथ द्यायची. कुणी उडालेली कौलं परत मागितली, कुणी कोंबडी. गुरवकाकांनी कुरकुर केली, तर म्हणाली, देव तुमच्याकडे राहू दे, वारा तेवढा मला द्या. हसता हसता मुलं आत बसायला लागली.

राहिली एकटी सानिका. तिसरीतली. तिच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा ती त्याखालीच होती. ती रोज यायची, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. पोरगी शाळेत बसत नसेल तर महिनाअखेरीला तिला मुंबईला काकाकडे पाठवायचं, असं तिच्या आईने ठरवलं होतं. सानिकाला जायचं नव्हतं. "ती तिकडे गेली तर भीतीपण बरोबर नेईल," आत्या मला म्हणाली. तेवढं एकच वाक्य मी तिच्या तोंडून हळू आवाजात ऐकलं.

एका सकाळी वारा उठला आणि आत्याने बोट माझ्याकडे केलं. आज ताई घालणार गाऱ्हाणं. पंचवीस-तीस डोळे माझ्यावर... मी कशीबशी उभी राहिले. "बा वाऱ्या महाराजा," मी म्हटलं, "प्लीज... जरा हळू ये."

याला होय म्हणायचं की नाही, कुणालाच कळेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "वाऱ्याला प्लीज काय म्हणते ही? दम द्यायचा असतो त्याला."

आत्याने मान वळवली नाही. "मग दाखव तिला. तिला येत नाय."

सानिका तरातरा आत आली, माझ्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "बा वाऱ्या, माझ्या घराचं छप्पर नेलंस ते नेलंस. शाळेच्या पत्र्याला हात लावलास तर बघ."

"होय महाराजा!"

पत्रा तेव्हाही वाजत होता म्हणे. मी ऐकला नाही. सानिका दिसली त्या जागेवर बसली आणि आत्या फळ्याकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ काही न लिहिता. मी प्लीज म्हणणार हे तुला ठाऊक होतं का, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास होता."

गेल्या आठवड्यात केळशीला गेले. आत्याच्या पडवीत शेजारपाजारचे जमले होते, आता हायस्कुलात जाणारी सानिकाही. बोलता बोलता वारा आला. पडवीचा पत्रा धडधडला. सगळ्यांची नजर आत्याच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी उठले.

"बा वाऱ्या महाराजा," मी म्हटलं... आणि पुढचं सुचायच्या आत सानिकाने, आणि तिच्यामागून सगळ्या पडवीने, होय म्हटलं.