मी प्रज्ञाला तळ्यावर नेलं नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. मुलाजवळ नाही, गावी बहिणीशी फोनवर नाही. रविवारी बुद्धवंदना झाल्यावर डोळे मिटून बसते ना — तेव्हा मनातसुद्धा धड बोलले नाही. तुला सांगते, कारण तू मला ओळखत नाहीस. पण आधीच सांगून ठेवते, रडणारी बाई बघायला आली असशील तर उठून जा. मी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद बोट, चालवते आणि चालवत राहणार. त्याची मला काडीची लाज नाही. लाज वाटायची गोष्ट वेगळी आहे — ती येईल, जरा थांब.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लग्नानंतर नवऱ्याच्या मागे जर्मनीत आले. आधी हॅनोव्हर, मग त्याला इथे वर, तळ्यांच्या मुलखात, एका हॉटेलात स्वयंपाक्याचं काम मिळालं. त्याच हॉटेलात मी खोल्या आवरायचे. कुणी बोलायला लागलं की ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणायचं आणि चादर ओढायची. मला आपल्या भाषेतही चार माणसांत बोलता येत नाही, तर तिथे काय येणार? नवरा गेला. मुलगा इथेच वाढला. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देतो जर्मनमध्ये. म्हणजे बघ — माझ्याच घरात मी निम्मी मुकी होते.

वरच्या मजल्यावर हेल्गाबाई राहतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या जोडीच्या कयाकमधली एक जागा रिकामी होती. एके दिवशी जिन्यात त्यांनी मला हातानेच वल्हवून दाखवलं आणि ‘कोम’, म्हणजे ‘चल’, म्हणाल्या. मी का गेले? माहीत नाही. लहानपणी गावच्या तळ्यात पोहलेली होते, एवढंच. कमरेला रबरी घागरा असतो, त्याची कड बोटीच्या तोंडावर ताणून बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. कपडे ऊन बघून नाही, पाणी बघून घालायचे. मे महिन्यातसुद्धा हात बुडवला तर हाडापर्यंत कळ जाते. हे सगळं त्यांनी मला खुणांनीच शिकवलं. आणि जोडीच्या कयाकमध्ये पुढे बसलेली जसं वल्हवेल तसंच मागचीने वल्हवायचं असतं. पुढे मी बसायचे. माझ्या हातामागे दुसऱ्या कुणाचा हात चालतोय, असं माझ्या आयुष्यात तोवर कधी झालं नव्हतं. कळतंय का तुला? मी कुणाची आई नाही, कुणाची बाई नाही. नुसती पुढची.

मग मुलाने लग्न केलं आणि नागपूरहून प्रज्ञा आली.

मुलगी गुणाची. एम.एस्सी. झालेली, तिकडे प्रयोगशाळेत नोकरी करून आलेली. इथे भाषेची परीक्षा पास होईपर्यंत नोकरी नाही, आणि त्यातच मैत्रीचा, माझ्या नातीचा, जन्म झाला. नवरा दिवसभर ऑफिसात, घरी आला की तोंडात ‘आल्झो’ आणि ‘गेनाऊ’ — ‘तर मग’ आणि ‘अगदी बरोबर’. घरात तिच्याशी मराठी बोलणारी एक मीच. दुपारी पोरीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची. जेवण अर्धं टाकायची. मला दिसत नव्हतं? दिसत होतं. मी न दिसल्यासारखं केलं.

एकदा मी तळ्यावरून आले तर माझ्या ओल्या हातमोज्यांकडे बघत म्हणाली, “आई, मलाही न्याल का? रविवारी हे घरीच असतात, पोरीला सांभाळतील. मी नुसती बसेन हो, काही बोलणार नाही.”

मी म्हटलं, “विचारून बघते.”

विचारलं नाही. काय झालं असतं विचारलं असतं तर? ती आली असती आणि महिन्याभरात हेल्गाबाईंशी जर्मनमध्ये घडाघडा बोलायला लागली असती. दोघी हसल्या असत्या, मी मध्ये ‘या, या’ करत बसले असते. शिकाऊ जर्मन असूनही डॉक्टरकडे माझ्या वतीने तीच बोलायची, बँकेत तीच. आता पाण्यावरही? नाही. ती एक जागा माझी होती.

पुढच्या रविवारी मी सांगितलं, “इथे पोहण्याची परीक्षा पास झाल्याचा बिल्ला लागतो म्हणे. सरकारी. त्याशिवाय बोटीत बसू देत नाहीत.”

तिने लगेच खरं मानलं. का नाही मानणार? या देशात घर बदललं तर कागद, कचऱ्याचा डबा हवा तर कागद, मासा धरायचा तर परीक्षा. आपली माणसं इथे येऊन वर्षभरात शिकतात की नियम आहे म्हटलं की तो असणारच, कुठे लिहिलाय ते विचारायचं नाही. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच मी हे खोटं निवडलं. हे ऐकून ठेव — ते तोंडातून निसटलं नव्हतं, मी विचार करून बोलले होते.

मला वाटलं, विषय संपला. पण प्रज्ञाने पोहण्याच्या हॉलमध्ये नाव घातलं. तिला जेमतेम हातपाय मारता यायचे. हिवाळाभर आठवड्यातून दोनदा बसने जायची, ओले केस टोपीत कोंबून परत यायची. बाळंतपणातून उठलेलं अंग, पोहायच्या कपड्यांत परक्या लोकांसमोर — तिला किती जड गेलं असेल, ते मला कुणी सांगायला नको. शेजारच्या लेनमध्ये लहान पोरं शिकायची. “ती मला हसतात, आई,” असं म्हणून स्वतःच हसायची. शेवटच्या परीक्षेत तळाशी टाकलेली रिंग बुडी मारून आणायची असते. ती दोनदा नापास झाली.

आणि एक दिवस बिल्ला घेऊन आली. कापडाचा, गोल. माझ्या ताटाशेजारी ठेवला. “आता बसू देतील ना?”

तू असतीस तर काय केलं असतंस? नको, सांगू नकोस. मी काय केलं ते ऐक. घास गिळला आणि म्हटलं, “अगं, त्यांच्याकडे एक जादाची बोट होती, ती त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकली.”

ती “बरं” म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही.

खरी गोष्ट अशी की हेल्गाबाईंकडे एकटीची एक कयाक पडूनच होती. त्याच मला मधून मधून विचारायच्या — सुनेला आण, घरात बसून काय करते ती? त्यांनाही मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगून ठेवलं होतं, तिला पाण्याची भीती वाटते. इकडे एक, तिकडे एक. दर रविवारी सकाळी पाच शीलं म्हणायचे, त्यात चौथं खोटं न बोलण्याचं. ते म्हणायचे आणि वल्हं उचलून बाहेर पडायचे.

त्या उन्हाळ्यात शनिवारच्या बाजारात, चीजच्या गाडीपुढे आम्हा दोघींना हेल्गाबाई भेटल्या. मैत्रीचा गाल ओढला, आणि प्रज्ञाला सावकाश, तिला समजेल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या, “बोट तशीच पडलीय बघ. तुला पाण्याची इतकी भीती वाटते, वाईट वाटतं.”

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, जसं भाजी घेताना उलटून बघतात. सगळा हिशोब तिच्या डोळ्यांत जुळला, मला दिसला. एक शब्द बोलली असती तर माझी त्या जिन्यात वर मान करून चालायची सोय उरली नसती.

ती हेल्गाबाईंकडे वळली. “या, गेनाऊ,” म्हणाली. “फार भीती वाटते.”

 त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. आता तिला प्रयोगशाळेत चांगली नोकरी आहे, जर्मन माझ्या मुलाइतकं फर्डं बोलते, हसते, भांडते. तळ्याकडे फिरकत नाही. ते एक वर्ष मात्र तिचं गेलं. मी ते भरून देऊ शकले असते आणि दिलं नाही.

म्हातारपण, एकटेपण, अडाणीपण — यातलं कुठलंही कारण मी पुढे करणार नाही. मी अडाणी नव्हते. मला नेमकं कळत होतं.

बाजारातून आलो त्या शनिवारी संध्याकाळी भांडी विसळताना तिने पाठमोरीच विचारलं, “आई, उद्या किती वाजता निघणार?”

“सातला.”

“चहा थर्मासमध्ये भरून ठेवते. पाण्यावर गार असतं.”

सकाळी थर्मास दाराशी ठेवलेला होता. मी तो उचलला, आणि गेले.