हार्लेमच्या आजीची हॅट

मंडळी, आत्ताच घरी पोचलेय. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज इथे जपानमध्ये, इचिकावाच्या कम्युनिटी हॉलमध्ये माझ्या ऑफिसातल्या डेनिस-सानने न्यूयॉर्कमधल्या तिच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीबद्दल छोटंसं प्रदर्शन मांडलं होतं. टेबलावर मधोमध तिच्या आजीची जांभळी, पिसं लावलेली हॅट. आजी आठवडाभर लोकांच्या घरच्या फरशा पुसायची आणि रविवारी ही हॅट घालून ताठ मानेने चर्चला जायची.

डेनिस हे सांगत असतानाच सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. भूकंपाचा इशारा! २०११च्या त्या मोठ्या भूकंपापासून हादरे येतच असतात, पण आजचा जबरदस्त होता. छताचे दिवे झुलायला लागले आणि माझी सहा वर्षांची मीरा कुठे दिसेना. मी गर्दीत तिला शोधायला लागले.

हादरा थांबल्यावर ती टेबलाखाली सापडली. शाळेत शिकवतात तसं डोकं झाकून बसलेली, पण हाताला लागली ती हॅट घालून! आणि मी ओरडले, "अगं, हॅट चुरगळली!"

डेनिस म्हणाली, "राहू दे. आजीलाही या हॅटनेच सांभाळलं."

घरी येताना मीराने जपानीत विचारलं, "आई, तू मला शोधत होतीस की हॅटला?"