आक्काला गुंजीला सोडायचं होतं

पुण्याहून पहाटे निघालो तेव्हा डोक्यात एकच काम होतं. बेळगावच्या वडगावात राहणाऱ्या आक्काला तिच्या भावाकडं, गुंजीला, कायमचं नेऊन सोडायचं. सातवीतून शाळा सुटली आणि मी हिंगोलीहून वडगावात माग (यंत्रमाग) चालवायला आलो, तेव्हा शेजारच्या या बाईनं मला जेवू घातलं, तेही एक-दोन दिवस नाही. आता तिचं भाड्याचं घर रिकामं होत होतं. "तुझ्या गाडीतनंच जाते बघ," ती फोनवर म्हणाली होती. तिनं माझ्याकडं काही मागितलं, ते हे पहिलंच.

कागलच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे. तिथं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि गाडी डावीकडं ओढू लागली. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की थेट कडेच्या मातीकडं. आक्का शेजारी बसणार, ती भ्यायली तर? निपाणीत अलाइनमेंटचं दुकान दिसलं तसा आत वळलो. हवेला तंबाखूचा वास होता. गाडी रॅम्पवर चढली, मशीन सुरू झालं आणि करंट गेला.

"कधी येईल, मामा?"

"त्याला इचारून सांगू काय?" मिस्त्री हसले. "रॉड वाकला न्हाय, टायर बरं हाय. हळू हाणा. बेळगावात लई दुकानं हायत."

"म्हातारं माणूस बसणार आहे हो गाडीत."

"मग तर हळूच जाशीला की."

मला धीर होईना. आक्काला फोन करून उशीर होईल म्हटलं. "सावकाश ये रं," ती म्हणाली, आणि मी तेच धरून बसलो. उप्पीट (उपमा) खाल्लं, चहा प्यालो, पुन्हा चहा प्यालो. दुपार कलल्यावर करंट आला. मिस्त्रींनी खालून रॉड फिरवले, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले. महामार्गावर हात सैल सोडला तरी गाडी सरळ. मला फार बरं वाटलं.

वडगावात आक्काच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या वहिनी माग थांबवून बाहेर आल्या.

"आत्ता आलासा व्हय? मालक किल्लीसाठी येऊन बसलेला. किल्ली दिली न् आक्का आमच्या पायरीवर बसल्या, नवं लुगडं नेसून. शेवटाला पॅसेंजरनं गेल्या."

"मला फोन तरी करायचा."

"म्या म्हटलं, करूया. त्या म्हणाल्या, नको, घाबरट हाय त्यो, गाडी पळवंल."

खानापूर सोडलं की दोन्ही बाजूंनी जंगल. गुंजीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आक्कानं तांदळाची भाकरी आणि आठळ्यांची (फणसाच्या बियांची) आमटी वाढली. मी खड्डा, करंट, सगळं सांगत बसलो. तिनं ऐकून घेतलं.

"वढली असती तर वढली असती रं," ती म्हणाली. "मी काय पडणार हुते?"

सकाळी निघताना ती आपणहून शेजारी येऊन बसली. "फाट्यापर्यंत येते." दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत. फाट्यावर उतरली. परत सोडतो म्हटलं, तर "तुला लांब जायचंय" म्हणाली आणि पदर सावरून चालू लागली.

घरी पोचवायला आलो होतो. माझ्या गाडीतून तिचा एकच प्रवास झाला, तो घरापासून लांब नेणारा. ती वळणाआड जाईपर्यंत मला गियर टाकवला नाही.